काकी, आमच्या चार ओळी कोण वाचणार?

चवथीच्या दिवसांत पत्रं उघडायला सवडच मिळाली नाही. गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळं वाटून झाली, पाहुणे आपापल्या घरी गेले, मग गठ्ठा सोडला तर त्यातली पाच पत्रं एकाच विषयावरची निघाली, म्हणून ह्या वेळी दुसरं काही घेत नाही. भाडेकरूचं आणि लग्ननोंदणीचं विचारणाऱ्यांनी जरा दम धरा.

विषय असा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय विभागाने १ सप्टेंबर २०२४ ला लोकांना सांगितलंय की एलजीबीटीक्यूआय प्लस, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे समाजासाठीची सरकारी धोरणं सगळ्यांना सामावून घेणारी व्हावीत म्हणून सूचना पाठवा. त्याआधी एप्रिलमध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, रेशनकार्डासाठी जोडीदाराला एकाच घरातला धरायचं, बँकेत जॉइंट खातं उघडायला आडकाठी नाही, असं थोडंफार जाहीरही झालं. ट्रान्सजेंडर व्यक्तींचा २०१९ चा कायदा ह्याच विभागाकडे आहे, त्यामुळे कागदावरचं स्त्री-पुरुष कसं बदलायचं, कोणाच्या सहीने बदलायचं ही सगळी भानगड परत वर आलीय, आणि पत्रं बहुतेक त्यावरच आहेत. खाली कायद्याचं जे लिहिते ते सगळं सप्टेंबर २०२४ ला होतं तसं समजा.

नवीन वाचकांना सांगते, मी वकील नाही. जन्म, लग्न, मरण ह्यांच्या नोंदणीच्या काउंटरमागे ३१ वर्षं बसले आणि पेन्शनीत निघाले, तेवढंच माझं शिक्षण.

प्रश्न: काकी, आमची खाणावळ आहे, मी दहावीपर्यंत शिकलेली. माझा धाकटा २२ वर्षांचा आहे, जन्मनोंदीत मुलगी लिहिलीय. तीन वर्षांपूर्वी त्याने सांगितलं की तो मुलगा आहे आणि आता तसाच राहतो. सुरवातीला घरात खूप झालं, ते सगळं लिहीत नाही. आता तो म्हणतो सरकारने सूचना मागवल्यात, मी पाठवली, आई तू पण पाठव, आईबापांनी लिहिलं तर वजन पडतं. व्हॉट्सॲपवर एकीने दोन पानी तयार मसुदा पाठवलाय, मला त्यातलं अर्धं कळत नाही. त्यालाच खाली नाव घालून पाठवू का? असं लिहून कधी काही होतं का? आणि नाव दिलं तर गावात कळेल का? — एक आई, डिचोली

उत्तर: बाय, मधल्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो सुटला नाही तर बाकीचं तू करणारच नाहीस.

होतं. नेहमी नाही, पण होतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे माणसाने स्वतः ठरवायचं, त्यासाठी ऑपरेशनचा हट्ट धरता येणार नाही. मग २०१९ चा कायदा आला, १० जानेवारी २०२० ला लागू झाला, त्यात लिहिलं की जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि ओळखीचा दाखला घ्यायचा. आता कायद्याखाली नियम लागतात. त्या नियमांचा पहिला मसुदा आला एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे कडक लॉकडाऊन, दुकानं बंद, सायबर कॅफे बंद, लोकांना रेशन मिळत नव्हतं तेव्हा सरकार म्हणतं सूचना पाठवा, आणि मुदत ३० एप्रिल! ओरड झाली तेव्हा ती १८ मेपर्यंत वाढवली. त्या मसुद्यात अर्जासोबत मानसोपचारातल्या माणसाचा रिपोर्ट जोडायची अट होती. म्हणजे न्यायालय म्हणतं माणसाने स्वतः सांगावं आणि मसुदा म्हणतो आधी चिठ्ठी आणा. देशभरातून लोकांनी नेमक्या त्या अटीवर बोट ठेवून लिहिलं, फोनवरून, मोडक्या इंग्रजीत, मिळेल तसं. २५ सप्टेंबर २०२० ला नियम पक्के होऊन आले तेव्हा ती अट गेलेली होती. उलट त्यात साफ लिहिलं की अर्जदाराच्या ॲफिडेविटवर दाखला द्यायचा, कसलीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता, आणि तोही ३० दिवसांत. जिल्हाधिकारी ऑफिसच्या पायऱ्या चढायची पण गरज नाही, त्याच वर्षी नोव्हेंबरात पोर्टल सुरू झालं. तुझ्या मुलाला दाखला मिळाला असेल किंवा मिळायचा असेल तर तो त्या मोडक्या इंग्रजीतल्या पत्रांमुळे सोपा झालाय असं मी म्हणेन.

आता तयार मसुद्याचं. पाठवू नकोस. म्हणजे वाच, तुझ्या मुलाकडून समजून घे, पण जसाच्या तसा पाठवू नकोस, का ते सांगते.

आपल्या गोव्यात हरकती आणि सूचना हा प्रकार नवा नाही, २००६ च्या शेवटी रीजनल प्लॅन २०११ ह्या जमीनवापराच्या आराखड्याविरुद्ध गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो प्लॅन मागे घ्यावा लागला, हे तुला आठवत असेलच. मी काही वर्षं ज्या ऑफिसात होते तिथे असल्याच एका प्रकरणाचे हरकतींचे कागद येऊन पडायचे. छापील एकसारखे कागद यायचे तेव्हा शिपाई ते मोजायचा, वर आकडा लिहून सुतळीने बांधायचा नि कपाटावर. कपाटातही नाही, कपाटावर. आणि मग त्या ढिगात एखादा वहीचा फाडलेला कागद असायचा, कोपऱ्याला तेलाचा डाग, की माझी अमुक सर्व्हे नंबरची जागा, जूनमध्ये तिथे कमरेपर्यंत पाणी भरतं, तुम्ही नकाशात तिथे रस्ता दाखवलाय तर पाणी जाणार कुठे. तो कागद आमचे साहेब बाजूला काढून पेपरवेटखाली ठेवायचे, कारण त्याला उत्तर शोधावं लागायचं. प्रेमाने नव्हे हो, नाइलाजाने. पुढे कोर्टात तोच कागद कोणी काढला तर काय सांगायचं म्हणून.

तर तुझा कागद तसा झाला पाहिजे. आणि तुझ्याकडे तसा मजकूर आहे, तुला वाटतं नाही पण आहे. तीन वर्षांत कुठे कुठे अडलं ते आठव. कॉलेजचा फॉर्म, हॉलतिकिटावरचा फोटो आणि नाव, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात केसपेपर काढताना मोठ्याने मारलेली हाक, मतदार यादी, बँकेचं केवायसी. त्यातला एकच प्रसंग घे, सगळे नको. कधी, कुठल्या प्रकारच्या काउंटरवर (ऑफिसचं नाव नाही दिलंस तरी चालेल), काय मागितलं, तुमच्याकडे काय होतं, मग काय झालं. आणि शेवटी तुला काय बदलून हवंय ते एका वाक्यात. मला तुझ्या घरचं माहीत नाही म्हणून अंदाजाने लिहून दाखवते:

‘मी आई आहे, उत्तर गोव्यात राहते. माझ्या मुलाने जिल्हाधिकाऱ्यांच्या दाखल्यासाठी अर्ज केला. कायद्याच्या कलम ६ खाली मिळणाऱ्या दाखल्यावर ट्रान्सजेंडर असं येतं. तो स्वतःला पुरुष म्हणतो, आणि पुरुष असं लिहून घ्यायला कलम ७ खाली परत वेगळा अर्ज आणि हॉस्पिटलचा दाखला लागतो. हॉस्पिटलात गेलो तेव्हा हा दाखला कोण देतो हे तिथे कोणाला सांगता आलं नाही, आम्ही तीन खिडक्या फिरलो. २०१४ च्या निकालाप्रमाणे हेही त्याच्या ॲफिडेविटवर व्हावं, आणि ते होईपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात हा दाखला कोण देतो त्याचं पद जाहीर करावं.’

बस, झालं. तीन खिडक्या फिरलो हे तयार मसुद्यात कधीच येणार नाही. (तुम्ही दोनच फिरला असाल तर दोनच लिही.)

नावाचं म्हणशील तर तुझं नाव जाईल, मेल म्हटल्यावर ते जाणारच, तालुका लिहिलास तरी पुरे, वाडा लिहायची गरज नाही. त्याचं नाव मात्र घालू नकोस, जुनं तर अजिबात नको, आणि आधारची कॉपी, डॉक्टरचे कागद, फोटो काही जोडू नकोस, सूचनेला पुरावा लागत नाही. फाईल किती हातांतून फिरते ते मी बघितलंय. आणि पाठवायच्या आधी त्याला वाचून दाखव. गोष्ट तुझी आहे पण अर्धी त्याची आहे, त्याने एखादी ओळ काढ म्हटलं तर काढायची, का म्हणून विचारायचं नाही.

एक विषयाबाहेरचं सांगते. तुझ्या पत्रात पहिल्या पानावर तू सगळीकडे ‘तो’ लिहिलंयस, आणि दुसऱ्या पानावर दोन ठिकाणी ‘तें’ लिहून खोडलंयस (छापताना मी ते गाळलंय). मला हसू आलं आणि बरं पण वाटलं. आपल्याकडे घरात कोकणीत बोलताना मुलीला तें म्हणायची सवय, तें आयलें, तें जेवलें, आणि वर मराठीत जातो-जाते, आलो-आले प्रत्येक क्रियापदात अडकायला होतं, इंग्रजीवाल्यांचं निदान एका शब्दावर भागतं. खोडून पुढे लिहिलंस तेवढं पुरेसं आहे.

प्रश्न: काकी, मी २६ वर्षांची ट्रान्स बाई, फोंड्याला राहते. दाखला मिळाला, आधार झालं. जन्मदाखल्यावरचं नाव बदलायला गेले तर म्हणाले नावबदलाचा वेगळा अर्ज करा, नोटीस लागेल, लोकांना हरकत घ्यायला ३० दिवस. नोटीस म्हणजे जुनं नाव, नवं नाव, बापाचं नाव, पत्ता सगळं छापून येणार. मी कामाच्या जागी कोणाला काही सांगितलेलं नाही. ही काय पद्धत? आणि मी सूचना पाठवायची तर केंद्राला की गोवा सरकारला? — फोंड्याहून

उत्तर: दोघांना. आणि तुझं पत्र वाचताना मला जरा खाली बघावंसं वाटलं, कारण असल्या नोटिशी मी स्वतः टाईप केल्यात, वर्षानुवर्षं.

गोव्यात नाव बदलायला १९९० चा वेगळा कायदा आहे, गोवा चेंज ऑफ नेम अँड सरनेम ॲक्ट. त्याच्या नोटिशीचा मजकूर मला झोपेत विचारलास तरी येईल, अमुक राहणार तमुक यांनी आपलं नाव असं होतं ते असं करण्यासाठी अर्ज केला आहे, कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत ह्या ऑफिसात नोंदवावी. त्यामागे कारण होतं. आपल्याकडे जमिनीचे वाटे, इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीचं कोर्टाचं काम), बापजाद्यांच्या नावाने चालणारे कागद, त्यात उद्या कोणी नाव बदलून दुसऱ्याच्या वाट्यात घुसू नये. नंतर पोर्तुगीज कागदांसाठी नावं आणि स्पेलिंगं बदलणारे आले, तेव्हा तर सगळे अजून कडक झाले. माझ्या वेळी ज्या हरकती आल्या त्या सगळ्या भाऊबंदकीतल्या. पण तुझ्यासारख्या मुलीचा अर्ज ह्याच गाळणीतून गाळायचा म्हणजे कोण हरकत घेणार आणि कशावर? ती नोटीस वाट्याची राहात नाही, दवंडी होते.

आता कायद्यात काय आहे ते नीट बघ. २०१९ च्या कायद्याचं कलम ७, पोटकलम ३. ज्याला कलम ६ चा दाखला किंवा कलम ७ चा सुधारित दाखला मिळालाय, त्याला जन्मदाखल्यात आणि ओळखीच्या बाकी सगळ्या सरकारी कागदांत पहिलं नाव बदलून घ्यायचा हक्क आहे. हक्क आहे असं लिहिलंय, पण राज्याच्या नावबदलाच्या कायद्यातून जायचं की नाही त्यावर ते कलम गप्प आहे, आणि दोन कायद्यांच्या मधल्या ह्या फटीत काउंटरवरचा माणूस नेहमी ज्यात जास्त कागद लागतात तो रस्ता दाखवतो, कारण उद्या त्याच्या अंगावर येऊ नये. मी पण तेच केलं असतं. राग धर, पण कारण हे आहे.

म्हणून आधी एक साधा अर्ज लिही, दाखल्याची प्रत जोड, कलम ७(३) चा उल्लेख कर, आणि ह्या हक्काखाली नाव बदलून द्या, जमत नसेल तर कुठल्या कलमाखाली जमत नाही ते लेखी कळवा, असं लिहून इनवर्डला शिक्का मारून घे. तोंडी नकाराला काही अर्थ नसतो. शिक्का मारलेली प्रत म्हणजे तुझा तो वहीचा कागद, तीच पुढे सूचनेत उपयोगी पडते. तुझ्या फोंड्याचं त्यात अजून एक लचांड आहे, तालुका २०१५ पासून दक्षिण जिल्ह्यात, म्हणजे तुझे जिल्हाधिकारी मडगावला, त्यामुळे पोर्टलवर परत कधी अर्ज केलास तर जिल्हा निवडताना चूक होऊ देऊ नकोस, एकीचा अर्ज त्याच्यापायी अडकलेला मला माहीत आहे.

दुसरं, तेओर. बाहेरच्या वाचकांना सांगते, गोव्यात जन्मनोंदीच्या पुस्तकातल्या त्या पानाची शब्दाला शब्द अशी जी नक्कल मिळते तिला आम्ही तेओर म्हणतो. पोर्तुगीज काळापासूनची ती जाड पुस्तकं, शाई तपकिरी झालेली, कडेला रुंद समास सोडलेला. नोंदीत पुढे काही बदल झाला, लग्न, घटस्फोट, नावात दुरुस्ती, तर मूळ ओळीला हात लावायचा नसतो, समासात बारीक अक्षरात लिहून सही करायची, जुने लोक त्याला आवेर्बामेंत म्हणतात. पद्धत चोख आहे, खाडाखोड नाही, फसवाफसवी नाही. फक्त तेओर काढला की मूळ ओळ आणि समास दोन्ही छापून येतात, म्हणजे तुझं जुनं नाव, जुनं लिंग, आणि बाजूला बदल कधी झाला ते, आणि हा तेओर तू नोकरीला, पासपोर्टाला, कुठेही देणार. साधा जन्मदाखला पुरत असेल तिथे तेओर देऊच नकोस, काही ठिकाणी सवयीने मागतात.

तर सूचना लिहायची ती ह्या दोन गोष्टींवर. केंद्राला लिही की कलम ७(३) खालचा बदल राज्याच्या नावबदल कायद्याशिवाय आणि जाहीर नोटिशीशिवाय व्हावा हे नियमांत स्पष्ट करा. गोवा सरकारला लिही की ह्या दाखल्यावर झालेल्या बदलाला १९९० च्या कायद्यातल्या नोटिशीतून वगळा, आणि समासातली ती नोंद असलेला तेओर त्या व्यक्तीच्या स्वतःच्या अर्जाशिवाय कोणाला देऊ नका. ही दुसरी गोष्ट दिल्लीतल्या कोणाच्या डोक्यात येणं शक्य नाही, त्यांनी असलं पुस्तक जन्मात बघितलेलं नाही. तू लिहिली नाहीस तर ती कुठेच येणार नाही.

प्रश्न: काकी, माझी भाची स्विंडनला असते, पोर्तुगीज पासपोर्टावर गेलेली. तिचा जोडीदार ट्रान्स आहे. ती म्हणते इंग्लंडात २०१८ साली असंच लोकांना विचारलं होतं, तिने रात्र जागून फॉर्म भरला, शेवटी काही झालं नाही. मग तुम्ही इथल्यांना कशाला आशा लावता? — एक मावशी, कुडचडे

उत्तर: मावशी, भाची खोटं बोलत नाही. तिथला कायदा २००४ चा. १८ वर्षं पूर्ण, जेंडर डिस्फोरियाचं (जन्मनोंदीतलं लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नाही म्हणून होणाऱ्या त्रासाचं) निदान, दोन डॉक्टरी रिपोर्ट, दोन वर्षं त्या ओळखीने राहिल्याचे पुरावे, आणि हे सगळं एका पॅनेलपुढे, जे अर्जदाराला बघत पण नाही, नुसते कागद बघतं. हे सोपं करू का म्हणून इंग्लंड आणि वेल्ससाठी २०१८ च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत सरकारने विचारलं. एक लाखाच्या वर उत्तरं गेली, निदानाची अट नको म्हणणारे त्यात जास्त होते. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने सांगितलं कायदा आहे तसाच राहील, फक्त अर्ज ऑनलाइन करू आणि फी कमी करू. १४० पौंडांची ५ पौंड झाली, मे २०२१ पासून. दोन वर्षं थांबून एवढंच. स्कॉटलंडने दोनदा विचारलं, २०१७ मध्ये आणि २०१९ मध्ये, डिसेंबर २०२२ ला त्यांच्या संसदेने ८६ विरुद्ध ३९ मतांनी विधेयक पास पण केलं, तर पुढच्याच महिन्यात लंडनच्या सरकारने ते अडवलं.

पण त्या एक लाख उत्तरांत निम्म्याहून जास्त ही संघटनांनी बनवून दिलेल्या तयार फॉर्मवरून आलेली होती, दोन्ही बाजूंच्या संघटना. वरच्या डिचोलीच्या बायला मी नको म्हटलं ते त्यासाठी. आणि दुसरं, तिथे प्रश्न मोठा नि मोकळा होता, बदलू की नको, आणि असल्या प्रश्नाचं उत्तर शेवटी ज्याचं सरकार तो देतो. आपल्याकडे २०२० ला पुढ्यात मसुदा होता, त्यातली एक ठराविक अट होती, ती काढा म्हटलं, काढली. ह्या वेळी आपल्याला पण मोकळंच विचारलंय, सूचना पाठवा म्हणून, मसुदा नाही काही नाही. त्यात समाजाला सन्मान द्या, न्याय द्या असं लिहिलेल्या पत्रांचा डोंगर होईल आणि वाचणाऱ्याला तो कुठेही वळवता येईल, म्हणून कलम आणि नियम आपण आपल्या पत्रात घालून द्यायचे. मी आशा लावत नाही, मावशी, मी कलम नंबर लिहायला सांगते.

भाचीच्या जोडीदाराचा पासपोर्ट पण पोर्तुगीज असेल तर हे नक्की सांगा: पोर्तुगालचा २०१८ चा कायदा आहे, १८ वर्षांवरच्या पोर्तुगीज नागरिकाला नोंदणी ऑफिसात स्वतःच्या अर्जावर नाव आणि लिंगाची नोंद बदलून मिळते, डॉक्टरचा कागद मागत नाहीत. १६ ते १८ मध्ये असेल तर आईबापांमार्फत, आणि एक रिपोर्ट, तोही फक्त मुलाला समजतंय ना एवढ्यापुरता. पणजीतल्या पोर्तुगीज कौन्सुलेटात ही विचारणा नवीन नसावी. गंमत बघा, आम्ही अजून त्यांच्या जुन्या पुस्तकांचे समास सांभाळून बसलोय आणि ते पुढे गेले.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, पेडणे. तुमचं सदर आवडीने वाचते. मला ह्या सगळ्याला विरोध करायचाय असं नाही, पण उद्या कोणीही पुरुष ॲफिडेविट करून बाई झाला आणि पंचायतीत महिलांच्या राखीव वॉर्डात उभा राहिला तर? बायकांच्या सुरक्षिततेचं काय? असं लिहिलं तर मला मागासलेली म्हणतील. पाठवू का?

उत्तर: बाई, जरूर पाठवा, सूचना मागवल्यात म्हणजे सगळ्यांच्या मागवल्यात, आणि तुम्हाला मागासलेली म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, पण आधी कायदा वाचा, तुम्ही मुलांना हेच सांगत आलात. २०१९ च्या कायद्यात ॲफिडेविटवर बाई असा दाखला मिळत नाहीच. ॲफिडेविटवर मिळतो तो ट्रान्सजेंडर असा. स्त्री किंवा पुरुष असं हवं असेल तर कलम ७, तिथे वैद्यकीय अधीक्षक किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. कायद्यात शब्द शस्त्रक्रिया आहे, २०२० च्या नियमांनी तो जरा रुंद केला, समुपदेशन, हार्मोन हे पण उपचारात धरले. आणि ह्याच कलमावर ट्रान्स लोकांचा राग आहे, की २०१४ ला न्यायालयाने ऑपरेशनचा हट्ट बेकायदा म्हटला तो तुम्ही मागच्या दाराने आणला. म्हणजे तुम्हाला ज्याची भीती आहे ते कायद्यात नाही, आणि त्यांना जे हवं आहे ते पण नाही. तुमचं पत्र ह्या कलमावर असू द्या, आहे तसं ठेवा म्हणा हवं तर. माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. काउंटरवर इतकी वर्षं बसून मला कळलेलं असं, की फसवायला येणारा माणूस सगळ्यात सोपा कागद शोधतो, आणि स्वतःच्या गावात, स्वतःच्या नावासकट हसं करून घेणारा कागद काही सोपा नव्हे. २०११ च्या जनगणनेत सबंध देशातून ‘इतर’ म्हणून नोंद झाली ती ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची, १२१ कोटींत.

सुरक्षिततेचं लिहिताय तर अजून एक ओळ घाला अशी विनंती. बाईवर बलात्कार झाला तर नव्या भारतीय न्याय संहितेत कमीत कमी १० वर्षं. ट्रान्सजेंडर व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ खाली सहा महिने ते जास्तीत जास्त दोन वर्षं. आकडे शेजारी शेजारी लिहा, वर्गातल्या फळ्यावर लिहायचात तसे, आणि मग तुम्हाला काय वाटतं ते लिहा. त्या ओळीवर तुमचं आणि वरच्या फोंड्याच्या मुलीचं पत्र एकसारखं निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

प्रश्न: मराठीत लिहिलं तर चालतं का? की इंग्रजीच लागतं? — साखळी

उत्तर: चालतं. संविधानाचं कलम ३५०, केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडताना देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. पहिल्या ओळीत त्या कलमाचा उल्लेख करा, म्हणजे भाषेचं कारण काढून बाजूला टाकणार नाहीत. जमल्यास खाली दोन ओळी इंग्रजीत, कलम नंबर आणि मागणी एवढंच, तुमचा नातू देईल लिहून. कोकणीत पाठवलंत तरी तेच कलम. आता रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत पाठवली तर काय, हे कृपा करून मला विचारू नका, त्या वादाला एक अंक पुरायचा नाही.